एकदाच पेटणाऱ्या उजेडाचं माप

मामाच्या ट्रंकेत फ्लॅशबल्बांची दोन खोकी सापडली ती २ नोव्हेंबरला. एकात बाराच्या बारा, दुसऱ्यात सात. सोबत बल्ब बसवायचा होल्डर, त्याचा वाटीसारखा रिफ्लेक्टर आणि मामाचा दोन भिंगांचा कॅमेरा, १२० च्या रोलवर बारा फोटो काढणारा. मामाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मामी म्हणाली, "तुला फिल्मचं वेड आहे, तूच ने हे. पण नुसतं कपाटात ठेवू नकोस गं."

एका खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, मामाच्या तिरक्या अक्षरात, तीन आकडे होते: १२५ – २६० – २००. कुठला तरी जुना हिशेब असेल असं वाटलं. त्यांचा काही अर्थ लागला नाही आणि मी झाकण लावलं.

जानेवारीत आई, दोन्ही मावश्या आणि मामी एकत्र येणार होत्या. मामाच्या कॅमेऱ्यातून, मामाच्याच बल्बच्या उजेडात त्या चौघींचा फोटो काढायचा हे त्याच दिवशी मनात पक्कं झालं. पुढचे अडीच महिने त्यात गेले. हे सगळं लिहून ठेवतेय कारण सुरुवातीला मला विचारायला कुणी नव्हतं, आणि जुनी खोकी आजही कुणाच्या ना कुणाच्या हाती लागत असतात.

फ्लॅशबल्ब म्हणजे काचेच्या फुग्यात ऑक्सिजन आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमची अगदी बारीक तार किंवा चुरगळलेला वर्ख. वीज मिळाली की धातू पेटतो आणि डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात जळून संपतो. १९२९ साली जर्मनीत असे बल्ब बाजारात आले. त्याआधी फोटोवाले मॅग्नेशियमची पूड उघड्यावर पेटवत, धूर आणि भाजण्याची भीती सोसत. त्या मानाने काचेत बंद केलेली आग ही मोठीच सोय होती.

मी सहा-सात वर्षं फिल्मवर फोटो काढते, कृष्णधवल रोल घरीच डेव्हलप करते. उजेड मोजायचा म्हणजे आधी मीटर, मग फोटो, ही माझी सवय. इथे तीच मोडते. हा उजेड फोटोच्या आधी नसतो आणि फोटोनंतरही नसतो. मोजायला जावं तर बल्ब जळतो, आणि जो मोजला तो फोटोत येत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पन्नास वेळा उडवून बघता येतो. माझ्याकडे होते एकोणीस बल्ब. म्हणून खर्चाचा हिशेब मी पहिल्यापासून बल्बांतच ठेवला.

सगळ्यात आधी बल्ब पारखून घेतले. माझ्या बल्बांच्या काचेच्या आत एक निळा ठिपका आहे. आत हवा शिरली की तो गुलाबी पडतो, आणि असा बल्ब पेटवला तर फुटू शकतो. एकाचा ठिपका गुलाबी झाला होता. आणखी दोघांच्या काचेवरचं लाखेचं आवरण पोपडे धरून सुटलं होतं. ते आवरण शोभेचं नसतं, तडकलेली काच ते धरून ठेवतं. तिन्ही बाजूला काढले. उरले सोळा. मल्टिमीटर लावून आतली तार शाबूत आहे का ते बघावं असा मोह होतो, पण मीटरच्या इवल्याशा करंटनेही बल्ब पेटण्याचा धोका असतो. मी लावला नाही, तुम्हीही लावू नका. बल्ब सुटे खिशात टाकू नका, घासाघाशीत तयार होणारी स्थितिक वीजही वैरी ठरू शकते. आणि पेटवताना कुणाच्या चेहऱ्याजवळ धरू नका.

होल्डर मात्र मुका होता. यात २२.५ व्होल्टची बॅटरी लागते. ती एक कपॅसिटर भरते आणि शटरचा कॉन्टॅक्ट जुळला की कपॅसिटर सगळा करंट एका झटक्यात बल्बमध्ये सोडतो. अशी बॅटरी अजून मिळते, मला यायला अकरा दिवस लागले. ती बसवली तरी काही होईना. इतक्या वर्षांत कपॅसिटर सुकला होता. तेवढ्याच क्षमतेचा, जास्त व्होल्टेज सोसणारा नवा कपॅसिटर डाग देऊन बसवला. बल्बच्या जागी टॉर्चचा छोटा दिवा दोन तारांनी जोडला आणि शटर दाबलं, तसा तो लुकलुकला. एकही फ्लॅशबल्ब न जाळता होल्डर तपासायचा हा उपाय मला फार कामी आला. प्रत्येक वेळी बॅटरी लावल्यावर पाचेक सेकंद थांबायचं, कपॅसिटरला भरायला वेळ लागतो.

मग शटर. कॅमेऱ्यावर 'एम' आणि 'एक्स' अशी दोन खुणांची कळ आहे. एक्सवर शटर पूर्ण उघडलं की त्याच क्षणी कॉन्टॅक्ट जुळतो. एमवर कॉन्टॅक्ट आधी जुळतो आणि शटर साधारण १६-१७ मिलिसेकंद उशिरा उघडतं, कारण एम वर्गाच्या बल्बला पेटून ऐन भरात यायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. माझे बल्ब याच वर्गाचे. ही उशीर करणारी चाकं शटरमध्ये सगळ्यात नाजूक असतात आणि जुन्या कॅमेऱ्यात हमखास अडकतात.

१८ नोव्हेंबरला रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून, त्याला साधा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश जोडून मी मागून भिंगात बघत बसले. फ्लॅशचं तोंड अर्थातच भिंतीकडे. एक्सवर प्रत्येक वेगाला पांढरं स्वच्छ वर्तुळ दिसलं. म्हणजे एक्स ठीक. एमवर काहीच दिसायला नको, कारण इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडायच्या आत चमकून संपतो. पण मला एमवरही वर्तुळ दिसलं. याचा अर्थ उशीर होतच नाहीये, एमची चाकं बंद पडली आहेत. एमचा नाद मी तिथेच सोडला. त्या कळीला जोर लावून शटर कायमचं अडकल्याच्या गोष्टी कमी नाहीत.

आणि इथेच मी चुकले. एक्सवर सगळ्या वेगांना वर्तुळ दिसलं होतं, म्हणून २३ नोव्हेंबरला रोल भरून, एक्सवर १/१२५ सेकंदाचा वेग ठेवून पहिला बल्ब उडवला. काय उजेड पडला! इलेक्ट्रॉनिक फ्लॅश चरचरीत वाटतो, हा मऊ, भरलेला, अंगावर आल्यासारखा. खोलीभर जळक्या लाखेचा हलका वास. बल्बची काच आतून दुधाळ झाली होती, आवरणावर फोड आले होते. होल्डरमधून तो काढायला जाड कापड घेतलं ते बरं केलं, अर्ध्या मिनिटानंतरही तो चांगलाच तापलेला होता.

दुसऱ्या दिवशी रोल धुतला. ती चौकट कोरी. पूर्ण पारदर्शक.

दोन दिवस मी शटरला दोष देत होते. मग कागदावर वेळेची आडवी रेघ काढली तेव्हा उलगडलं. १/१२५ म्हणजे ८ मिलिसेकंद. एक्सवर शटर उघडलं आणि बल्बला वीज मिळाली ती एकाच क्षणी. ८ मिलिसेकंदांनी शटर मिटलं तेव्हा बल्ब नुकता कुठे तापायला लागला होता. तो भरात आला विसाव्या मिलिसेकंदाला, बंद पडद्यासमोर. शटर आणि बल्ब दोघेही आपापलं काम नीट करत होते, त्यांची गाठच पडली नव्हती. १/३० ला ३३ मिलिसेकंद मिळतात, बल्बचा बहुतेक उजेड आत येतो. १/१५ ला ६६ मिळतात, सगळाच येतो. एक्सवर एम वर्गाचा बल्ब वापरायचा तर १/३० किंवा त्याहून सावकाश, हा नियम मी कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर चिकटपट्टी लावून लिहिला. मी स्वतःसाठी १/१५ आणि ट्रायपॉड ठरवून टाकलं.

उरले पंधरा.

आता खरा प्रश्न, अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, किती उघडायचं? खोक्यावर तक्ता छापलेला आहे. त्यात गाइड नंबर असतो: फ्लॅशपासून माणसापर्यंतचं अंतर गुणिले अ‍ॅपर्चरचा आकडा. गाइड नंबरला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर हाती येतं. अंतर मोजायचं ते फ्लॅशपासून, कॅमेऱ्यापासून नव्हे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरला की हे विसरायला होतं. माझ्या खोक्यावर १०० वेगाच्या फिल्मला (वेग म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते), १/३० ला, २५० हा आकडा होता. तक्ता फुटांतला. ३.२८ ने भागून मीटरमध्ये ७६ आले. फिल्मचा वेग बदलला तर गाइड नंबर वर्गमुळाच्या हिशेबाने बदलतो: चौपट वेगवान फिल्म, दुप्पट गाइड नंबर.

हा आकडा तसाच धरून चालायला माझं मन तयार होईना. तक्त्यातला आकडा नव्या, चकचकीत रिफ्लेक्टरचा. माझा धुरकट झालेला. तक्ता मध्यम आकाराची, फिकट भिंतींची खोली गृहीत धरतो. भिंती आणि छत उजेड परत फेकतात, तो त्या आकड्यात मोजलेला असतो. उघड्यावर रात्री ती परतफेड मिळत नाही, तिथे एखादा स्टॉप जास्त उघडावा लागतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आणि आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी जुनी खोकी वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १९६० साली अमेरिकेतलं फिल्मच्या वेगाचं मानक बदललं. अनेक कृष्णधवल फिल्मा आतून तशाच राहिल्या, पण त्यांच्यावर छापलेला वेग दुप्पट झाला. त्याआधीच्या आकड्यात एका स्टॉपची राखीव सूट धरलेली असायची. त्या काळी १०० च्या रकान्यात बघणाऱ्याला नकळत एक स्टॉप जास्त उजेड मिळत होता. आपण आजची १०० ची फिल्म त्याच रकान्यात बघतो तेव्हा ती सूट गेलेली असते. चूक झाली तर निगेटिव्ह सरळ पातळ येते.

म्हणून मोजायचं ठरवलं. पण पंधरा बल्बांत. नेहमीची पद्धत म्हणजे एकाच अंतरावर वस्तू ठेवून एफ ५.६, ८, ११, १६ असे फोटो काढायचे (हे अ‍ॅपर्चरचे आकडे, आकडा मोठा तितकं तोंड लहान). चार उत्तरांना चार बल्ब. हे मला परवडणारं नव्हतं. एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा डोक्यात आलं की अ‍ॅपर्चर बदलण्याऐवजी अंतर बदललं तर? उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. एकाच चौकटीत चार राखाडी कार्डं २.८, ४, ५.६ आणि ८ मीटरवर उभी केली, तर प्रत्येक कार्डाला आधीच्यापेक्षा बरोबर एक स्टॉप कमी उजेड मिळेल. हे आकडे ओळखीचे वाटतील, अ‍ॅपर्चरच्या रिंगवर हेच असतात, आणि कारणही तेच. एक बल्ब, एक चौकट, चार उत्तरं. उठून दिवा लावला आणि वहीत लिहून ठेवलं.

अट एकच, आजूबाजूला भिंत नको. भिंतीवरून परतलेला उजेड लांबच्या कार्डांना जास्त मिळतो आणि वर्गाचा हिशेब बिघडतो. म्हणजे मोकळं, काळोखी मैदान हवं. जवळच्या एका मैदानाच्या व्यवस्थापनाकडे ४ डिसेंबरला अर्ज दिला. पहिल्या अर्जात मी "ऑक्सिजन भरलेले बल्ब पेटवणार" असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं आणि तो दोन प्रश्नांसकट परत आला: स्फोटक आहे का, आणि आग लागली तर जबाबदार कोण. प्रश्न रास्तच होते. दुसऱ्या अर्जात मी बल्ब काचेत पूर्ण बंद असतो, ठिणगी बाहेर पडत नाही, एकूण जास्तीत जास्त सहा चमका, प्रत्येकी एका क्षणाची, रात्री ८ ते १०, वाळूची बादली मी आणेन, असं मुद्देसूद लिहिलं. न वापरलेल्या आणि जळलेल्या बल्बचे फोटो जोडले, ओळखपत्राची प्रत आणि जबाबदारीचं हमीपत्र जोडलं. १३ तारखेला परवानगी आली, रखवालदारासमोर काम करायच्या अटीवर. तुम्हाला अशी परवानगी काढायची असेल तर चमकांची संख्या आणि वेळ पहिल्याच अर्जात लिहा. समोरच्याला "किती आणि कधी" कळलं की त्याची अर्धी काळजी मिटते.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत ओ. विन्स्टन लिंक यांची रात्रीची छायाचित्रं पुन्हा पुन्हा बघत होते. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपली, तीही एकाच वेळी डझनावारी फ्लॅशबल्ब उडवून. गाडी समोरून जायची ती एकदाच. त्यांच्या हातात रात्रभर मांडलेली तारांची जुळणी आणि कागदावरचं गणित, एवढंच. कागदावर भरवसा ठेवायचं बळ मला तिथून मिळालं.

एका मित्राकडून फ्लॅश मीटर उसना आणला. कार्डांसाठी चार मोठे पुठ्ठे एकाच डब्यातल्या राखाडी रंगाने रंगवले, आठ मीटरवरचा पुठ्ठाही निगेटिव्हवर ओळखू यावा इतके मोठे. २० तारखेला दुपारी, नव्या १०० च्या रोलच्या पहिल्या तीन चौकटी मी दिवसाच्या उजेडात खर्च केल्या: एका पुठ्ठ्याचा मीटरप्रमाणे योग्य फोटो, मग एक स्टॉप जास्त, मग एक स्टॉप कमी. रात्रीच्या कार्डांची तुलना याच तीन चौकटींशी करायची होती. रोल तोच, रसायन तेच, धुणं तेच, म्हणजे तुलनेत दुसरं काही शिरायला वाव नाही. ही पायरी गाळू नका.

मैदानावर चंद्र नव्हता. टेपने होल्डरपासून अंतरं मोजली, पुठ्ठे थोडे थोडे बाजूला सरकवत मांडले म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडणार नाही, पण फार लांब नाही, कारण वाटीच्या रिफ्लेक्टरचा उजेड मध्यभागी जास्त असतो आणि कडेला ओसरतो. प्रत्येक पुठ्ठ्याचं तोंड फ्लॅशकडे वळवलं. फोकसची चिंता नव्हती, सपाट राखाडी रंग अस्पष्ट दिसला तरी त्याची घनता बदलत नाही.

आधी फ्लॅश मीटर समजून घ्यायचा होता. तो ४ मीटरवरच्या कार्डापाशी ठेवला. पहिला बल्ब वायरशिवाय मोजायच्या पद्धतीने. मीटरला फ्लॅश कळलाच नाही, काटा नाही, आकडा नाही. असे मीटर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा अचानक उसळणारा उजेड ओळखतात. बल्ब त्यापेक्षा सावकाश चढतो, माझ्या हातातल्या मीटरला ती चढण चमक वाटलीच नाही. दुसरा बल्ब मीटरला वायर जोडून, म्हणजे मीटरच्या बटणानेच बल्ब पेटणार. मीटरवर वेळ राहिली होती १/६०. आकडा आला एफ ८ च्याही खाली. तो बघून मी घाबरले, आणि लगेच ती वेळेची आडवी रेघ आठवली. १/६० म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. मीटरने बटण दाबल्यापासून १७ मिलिसेकंद मोजलं आणि डोळे मिटले. बल्बची ऐन भर त्यानंतरची. माझा कॅमेरा जिथे फसला होता तिथेच मीटरही फसला. मीटरवर १/१५ केलं.

तिसऱ्या बल्बला सगळं एकत्र जुळवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ ११, शटर 'बी' वर. काळोखात शटर उघडं धरलं, रखवालदारकाकांनी मीटरचं बटण दाबलं, बल्ब पेटला, मी शटर सोडलं. अशा वेळी सिंकची, म्हणजे शटर आणि बल्बची वेळ जुळवायची, गरजच उरत नाही आणि एकाच बल्बने मीटरचा आकडाही मिळतो, चौकटही. मीटर म्हणाला एफ ११ आणि वर स्टॉपचे सहा दशांश, म्हणजे सुमारे १४. गुणिले ४ मीटर, ५६.

त्याच मांडणीवर चौथा बल्ब उडवला, फक्त एवढं बघायला की इतके जुने बल्ब एकमेकांशी जुळतात का. दोन दशांशांचा फरक. हा बल्ब खर्च करताना जीव खालीवर झाला, पण तो आकडा नसता तर पुढे प्रत्येक फोटोत शंका राहिली असती. काका प्रत्येक चमकेनंतर "झालं?" असं विचारत होते, शेवटच्या वेळी त्यांनी विचारलं, "संपलं का एवढ्यात?"

उरले अकरा.

रोल २१ तारखेला धुतला. निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवून काळ्या कागदाला दोन सारखी भोकं पाडली, एकाखाली दिवसाची योग्य चौकट, दुसऱ्याखाली एकेक कार्ड. आजूबाजूचं झाकलं की डोळा छटांतला फरक फार नेमका ओळखतो. ४ मीटरचं कार्ड योग्य चौकटीपेक्षा थोडं दाट (उजेड जास्त), ५.६ चं थोडं पातळ (उजेड कमी). उत्तर दोघांच्या मध्ये, ५ मीटरच्या आसपास. एफ ११ गुणिले ५, म्हणजे ५५. मीटरचे ५६, फिल्मचे ५५. खोक्यावरच्या ७६ पेक्षा जवळजवळ एक पूर्ण स्टॉप कमी. त्या रात्री मी आकडा तीनदा तपासला.

पण हा उघड्यावरचा आकडा. फोटो घरात निघणार होता. ३ जानेवारीला, जिथे चौघी बसणार होत्या त्याच खोलीत, दिवे बंद करून, पडदे ओढून एक बल्ब मीटरवर खर्च केला. पुन्हा ४ मीटर, पुन्हा १/१५. एफ १६ आणि वर तीन दशांश. गाइड नंबर ७१. फिकट भिंती आणि छताने दोन तृतीयांश स्टॉपच्या वर उजेड परत दिला होता. खोक्यावरचा तक्ता खोटा नव्हता. तो खोलीबद्दल बोलत होता आणि मी मैदानात उभी राहून त्याला तपासत होते.

हे आकडे खोक्यावर लिहून ठेवावेत म्हणून झाकण उघडलं, आणि मामाची ओळ पुन्हा समोर आली. १२५ – २६० – २००. यावेळी हात थांबला. १२५ हा फिल्मचा वेग. २६० भागिले ३.२८, म्हणजे ७९. १२५ वरून १०० वर आणायला १.१२ ने भागलं: ७१. तसंच २०० चे ६१, आणि मग ५४ किंवा ५५. घरातला आणि बाहेरचा. याच होल्डरचा, याच वाटीचा. मी खोकं मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. मग मामीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तो गच्चीवर रात्री पुठ्ठे मांडायचा. मला वाटायचं, कसला खेळ चाललाय."

१७ जानेवारीला चौघी आल्या. खुर्च्या आधीच मांडून टेपने मोजून ठेवल्या होत्या, फ्लॅशपासून ४.५ मीटर. ७१ भागिले ४.५, जवळजवळ एफ १६. निगेटिव्हला थोडा जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही, म्हणून अर्धा स्टॉप उघडून ११ आणि १६ च्या मध्ये ठेवलं. एक्स, १/१५, ट्रायपॉड, केबल रिलीज. १/१५ सावकाश वाटेल, पण एवढ्या छोट्या अ‍ॅपर्चरला खोलीतला मंद उजेड फिल्मवर काही उमटवत नाही. फोटो बल्बच्या जळण्याच्या वेळातच घडतो. रंगीत फिल्म असती तर निळ्या आवरणाचे बल्ब लागले असते, साध्या बल्बचा रंग दिवसाच्या उजेडापेक्षा पिवळसर असतो. कृष्णधवलला ती अडचण नाही.

बॅटरी लावली, पाच सेकंद थांबले. आईला म्हटलं, भिंगाकडे बघ. धाकटी मावशी काहीतरी बोलत मामीकडे वळली आणि मी केबल दाबली. एकच मऊ पांढरा स्फोट. चौघीही गप्प. मग मामीने मान वर करून हवेचा वास घेतला आणि हळूच म्हणाली, "हा वास. कपड्यांना यायचा त्याच्या."

दुसरा बल्ब मी नीट समोर बघायला सांगून उडवला.

संध्याकाळी रोल धुतला. दोन्ही चौकटी भरदार, मामीच्या पांढऱ्या साडीचे काठ आणि चुण्या मोजता येतील इतक्या, काळ्या केसांतही तपशील. मोठी करून लावली ती पहिली, धाकटी मावशी वळलेली. आठ बल्ब उरले आहेत. झाकणाच्या आत, मामाच्या ओळीखाली, पेन्सिलीनेच लिहिलंय: १०० – ७१ – ५५, मीटरमध्ये.